मूल संस्थेत गेलं की निधी, घरी राहिलं की नाही? आणि चौकशीत आईबापाचं ऐकतं कोण?

मलप्रभाकाठ (धागा) | सोमवार, रात्री ९.४०

थेट मुद्द्यावर येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून संस्थेत राहणाऱ्या मुलाच्या देखभालीसाठी महिन्याला ३,००० रुपये मिळतात. कर्मचाऱ्यांचे पगार, इमारत हे त्याच्या वर. तेच मूल घरी राहावं म्हणून त्याच योजनेत प्रायोजकत्वाचे महिन्याला ४,००० रुपये आहेत. खर्चाची वाटणी ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. म्हणजे घरी ठेवणं सरकारलाही स्वस्त पडतं. तरीही आपल्या सीमाभागात गरिबाचं मूल आधी संस्थेत जातं, आणि त्या ४,००० बद्दल आईबापाला कुणी सांगितलेलंच नसतं.

ओळखीतल्या एका कुटुंबात हे झालं. गाव, तालुका, कार्यालय काही लिहिणार नाही, मुलांची ओळख फुटता कामा नये. आईबाप गोव्यात बांधकामावर, दोन मुलं गावात आज्जीकडे. कुणीतरी १०९८ ला, मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर, फोन केला की मुलं उघड्यावर पडलीत. गाडी आली, मुलं गेली. आईबाप धावत आले, तर हातात एक कन्नड कागद. आत काय लिहिलंय ते आईला वाचता येईना. अहवालात आपल्याबद्दल काय म्हटलंय हे विचारलं, तर "गोपनीय आहे". मुलं परत आली, पण काही आठवडे गेले. त्या काळात त्या बाईला एकदाही कुणी विचारलं नाही की तुमचं म्हणणं काय.

मुलांना धोका असेल तर उचललंच पाहिजे, त्यावर वाद नाही. मला विचारायचंय की चौकशी सुरू असताना आईबापाचे हक्क नेमके कोणते, ते बजावायचे कसे, आणि पैसा मुलाच्या घराकडे का वळत नाही? कायदा जाणणारे आणि या खात्यात काम केलेले, दोघांनीही लिहा.

अनगोळचा पोरगा | सोमवार, रात्री ९.५८

वाचतोय. महत्त्वाचा विषय. कुणी तरी काढायलाच हवा होता.

निपाणीकर सर | सोमवार, रात्री १०.३१

ताई, भावना समजली, पण मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. तिसरीतला एक मुलगा सारखी बाही ओढून घ्यायचा. एक दिवस पाटी पुसताना बाही वर गेली, तर मनगटापासून कोपरापर्यंत विडीचे चटके. काही ओले, काही सुकलेले. बापाला विचारलं तर "पोरगं चुलीवर पडलं." चुलीवर पडलेल्याला असे गोल डाग ओळीने पडत नाहीत.

आम्ही फोन केला. गाडी त्याच दिवशी आली आणि मुलगा त्या घरातून बाहेर पडला. आधी बापाला नोटीस, मग त्याचं म्हणणं, मग अहवालाची प्रत, असं करत बसलो असतो तर त्या रात्री पोराचं काय झालं असतं? तुमच्या धाग्याचा सूर असा लागतोय की खातं म्हणजे मुलं पळवणारी टोळी. तसं नाही. गावात मारकुट्या बापाविरुद्ध तोंड उघडायला कुणी धजत नाही. एक खातं आहे, ते तरी असू द्या.

टिळकवाडी वकील | सोमवार, रात्री ११.१५

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या टप्प्याबद्दल बोलताय. बाल न्याय कायदा २०१५ काय सांगतो ते लिहितो.

मूल ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला दंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाचे अधिकार असतात. सामाजिक चौकशी अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हायला हवा, म्हणजे मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता येतो. सरांच्या विद्यार्थ्यासारख्या प्रकरणात तातडीने उचलायला कायद्याची आडकाठी नाही, आणि ती नसावीच.

प्रश्न उचलल्यानंतरचा आहे. कलम ९९ म्हणतं की मुलाबाबतचे अहवाल गोपनीय. बहुतेक जण तिथेच वाचन थांबवतात. त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे खाली जोडलेला अपवाद, पुढे सांगतं की समितीला योग्य वाटल्यास ती अहवालाचा सारांश मुलाला, आईवडिलांना किंवा पालकाला कळवू शकते, आणि अहवालातल्या गोष्टींबाबत पुरावा आणण्याची संधी देऊ शकते. "शकते" असं आहे, म्हणून मागावं लागतं, आणि लेखी मागावं लागतं. तोंडी मागितलेलं कुठे नोंदलं जात नाही.

आदेश मान्य नसेल तर कलम १०१ नुसार ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि मूल बेकायदा अडकवून ठेवलंय असं वाटलं तर उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ आहेच.

सगळ्यांना हात जोडून एक विनंती. कलम ७४ मुळे मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गाव, शाळा, नातं जुळवून ओळख पटेल असं काही इथे लिहू नका.

मलप्रभाकाठ | सोमवार, रात्री ११.४०

वकीलसाहेब, हे परंतुक मला कुणीच सांगितलं नव्हतं. "गोपनीय" म्हटलं की सगळे गप्प.

सर, तुमच्या त्या मुलासाठी गाडी त्याच दिवशी आली याचा मला आनंद आहे. पण चटके देणारा बाप आणि गोव्यात खडी वाहणारा बाप या दोघांना एकाच रांगेत उभं करतात, त्याबद्दल मी बोलतेय. दोघांमधला फरक शोधण्यासाठीच तर चौकशी असते ना?

अंगणवाडीताई | मंगळवार, सकाळी ६.२०

पहाटे उठून लिहितेय, दिवसा मोबाईलवर फक्त पोषण आहाराचे फोटो चढवायचे असतात.

मी असल्या चौकशीच्या वेळी हजर होते म्हणून सांगते. साहेब आले, घरात गेले, सैपाकाच्या खोलीत डबे उघडून बघितले. तांदळाचा डबा रिकामा, डाळीच्या डब्यात मूठभर डाळ. लिहून घेतलं, "घरात धान्य नाही". त्याच खोलीच्या वर माळ्यावर कणगी होती. शेणानं सारवलेली, माणूस आत बसेल एवढी. काठोकाठ भात. आमच्याकडं भात भरडून एकदम डब्यात भरून ठेवत नाहीत, लागेल तसं गिरणीला नेतात. त्या दिवशी गिरणीला वीज नव्हती, म्हणून डबा रिकामा. साहेब शहरातले, त्यांनी वर बघितलंच नाही. आज्जीला कन्नड येत नव्हतं आणि त्यांना मराठी. मी सांगायला गेले तर म्हणाले, मेडम तुम्ही थांबा, घरच्यांना बोलू द्या. घरचे रडत होते, बोलणार काय.

खरं त्या साहेबांना पण मी वाईट म्हणणार नाही. काँट्रॅक्टवरचा माणूस. पगार वेळेवर नाही, मोटरसायकलचं पेट्रोल खिशातलं. एका दिवसात चार गावं उरकून संध्याकाळी टाईप करायला बसायचं. त्यानं कणगी कधी बघावी?

चव्हाट गल्ली | मंगळवार, सकाळी ८.०५

मूळ दुखणं कन्नड सक्ती हे आहे, बाकी सगळं त्याच्या फांद्या. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा टाकला, अजून निकाल नाही. तोवर मराठी माणसाला आपल्या लेकराबद्दलचा कागदसुद्धा वाचता येणार नाही. हे आधी बोला.

अथणीकर | मंगळवार, सकाळी ८.५०

आमच्या घरात कन्नड बोलतात, शाळा मराठीत झाली, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. कार्यालयातलं कन्नड आमच्या आईलाही कळत नाही. ती भाषा तिथल्या कारकुनाची. शेजारच्या कन्नड बाईने तोच कागद माझ्याकडे आणला होता, तिलाही मला बसून समजावून सांगावा लागला. कृपा करून हा विषय सीमाप्रश्नात ढकलू नका. दोन्ही भाषांचे गरीब एकाच बाकावर बसलेत.

आमच्या बाजूची खरी अडचण अंतराची. क्षेत्रफळाने बेळगाव कर्नाटकातला सगळ्यात मोठा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७ लाखांच्या वर. अथणी-कागवाडकडून बेळगावला यायचं म्हणजे पहाटेची गाडी, जाऊन येऊन पूर्ण दिवस आणि मजुरी बुडाली. तारीख पुढे गेली की पुन्हा तेच. कायद्यात जिल्ह्याला "एक किंवा अधिक" समित्या म्हटलंय. चिक्कोडीला बैठक व्हावी ही मागणी का करू नये?

चव्हाट गल्ली | मंगळवार, सकाळी ९.१०

भाषेचा मुद्दा सोडणार नाही, पण बाकावरच्या बाईचं पटलं. पुढे चालू द्या.

शहापूरचे काका | मंगळवार, सकाळी ११.३०

भाषेवर एक उपयोगाची गोष्ट सांगतो, मी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहारच केला. घटनेचं ३५० वं कलम बघा. गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत अर्ज करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. म्हणजे मराठीत दिलेला अर्ज "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत करता येत नाही. शिवाय एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं संरक्षणाच्या योजनेत ठरलेलं आहे. दुसऱ्या गोष्टीची अंमलबजावणी होत नाही, तिच्यासाठी भांडावं लागेल. पहिली आजच वापरता येते. पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासकट.

डॅलसवासी | मंगळवार, दुपारी १२.४५

मूळचा वडगावचा, आता टेक्सासमध्ये. धाग्यातला पैशाचा मुद्दा इथे अनेक वर्षं गाजतोय. मूल सरकारी ताब्यात घेऊन दुसऱ्या कुटुंबात ठेवलं की राज्याला केंद्राकडून खर्चाचा परतावा मिळतो, आणि तो मुलांच्या संख्येबरोबर वाढतो. घर सावरायला मात्र अनेक वर्षं बेताचा, ठरावीक रकमेचा निधी. त्यात १९९७ च्या कायद्याने राज्यांना दत्तकांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर नेली की दर वाढीव दत्तकामागे ४,००० डॉलर बक्षीस ठेवलं. टीकाकार म्हणू लागले की पैसा कुठल्या दिशेने ढकलतो बघा. शेवटी २०१८ च्या कायद्याने त्याच परताव्याचा काही भाग मूल घरी असतानाच वापरायला मुभा दिली, व्यसनमुक्ती, मानसोपचार, पालकांना मार्गदर्शन अशा कामांसाठी.

दुसरं, टेक्सासमध्ये २०२३ पासून चौकशीला आलेल्या कर्मचाऱ्याने पालकांना त्यांचे हक्क आधी सांगायचे असा कायदा आहे. वकील घेऊ शकता, बोलायचं नाकारू शकता वगैरे. त्याच वर्षी निनावी तक्रारींवरही बंधन आलं, नाव सांगावं लागतं, फक्त ते गुप्त ठेवतात.

अनगोळचा पोरगा | मंगळवार, दुपारी १.०२

अमेरिकेतलं इथे कसं लागू होणार? तिकडे वकील फोनवर मिळतो, इथे एसटी मिळेना.

डॅलसवासी | मंगळवार, दुपारी १.२०

वकिलाचं राहू दे रे. दारात आलेल्या माणसाने "मी कोण, तक्रार कशाची, तुम्हाला काय करता येईल" एवढी तीन वाक्यं बोलायला कुठला निधी लागतो?

बालगृहातली मावशी | मंगळवार, दुपारी ३.१५

मी एका संस्थेत काम करते. वाचून वाईट वाटलं म्हणून लिहितेय. ग्रँटसाठी आम्ही मुलं गोळा करतो असं कुणाच्या मनात असेल तर हिशेब बघा. महिन्याला ३,००० म्हणजे दिवसाला १०० रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, नाश्ता, दूध, साबण, तेल, वह्या, ताप आला तर औषध. तेही पैसे महिन्याच्या महिन्याला येत नाहीत. दुकानदार उधारी देतो, गावातले लोक सुगीत ज्वारीची पोती आणून टाकतात, त्यावर चालतं. आमच्या संस्थेत कुणी श्रीमंत झालेलं मी बघितलेलं नाही.

पण एक खरं सांगते. आमच्याकडच्या बहुतेक मुलांना आई आहे, नाहीतर बाप आहे. कुणी मारलं-झोडलं म्हणून आलेली थोडी. बाकीची गरिबीनं आलीत. बाप वारला, आई शेतमजूर. आई आजारी. आईबाप ऊसतोडीला. त्या आईला महिन्याला ४,००० हातात मिळाले असते तर मूल आमच्याकडे कशाला आलं असतं? दर रविवारी त्या बायका येतात, डब्यात भाकरी-चटणी घेऊन, आणि पोरांना भरवून जातात. तेच मूल घरी भरवायला सरकारनं मदत करावी, आम्ही कोण आड येणार?

निपाणीकर सर | मंगळवार, सायंकाळी ५.४०

मावशी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मला वाटायचं संस्थेतली सगळी मुलं माझ्या त्या विद्यार्थ्यासारखी असतील.

कंग्राळीकर | मंगळवार, सायंकाळी ६.३०

प्रायोजकत्व का मिळत नाही ते सांगतो, बहिणीसाठी केलंय म्हणून. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत हवं. विधवा किंवा घटस्फोटित आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, आईबाप जिवघेण्या आजारात किंवा सांभाळायला असमर्थ, अशांना मिळू शकतं. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कार्यालयातून. मुलाचं आधार, शाळेचा दाखला, बँकेचं खातं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतली समिती देते.

अडतं कुठे? नवरा वारलेल्या बाईचं रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर, म्हणून दाखल्यात सासऱ्याचं उत्पन्न धरतात आणि बाई अपात्र. आमचंही तिथेच अडलं. गाव लेखापालाला प्रत्यक्ष चूल वेगळी दाखवली, तेव्हा दाखला सुधारून मिळाला. आधारवरच्या नावातली वेलांटी आणि शाळेतली वेलांटी जुळेना, त्यावर आणखी हेलपाटे. आता पैसे येतात. भाचा घरी आहे, सायकलने शाळेला जातो.

अंगणवाडीताई | मंगळवार, रात्री ८.१०

कंग्राळीकर दादा, हे सगळं मला मेसेजवर पाठवा की. माझ्या अंगणवाडीच्या हद्दीत अशा बायका आहेत आणि मला कुठल्याच मीटिंगमध्ये ही स्कीम कुणी सांगितलेली नाही. जन्ममृत्यूची, गरोदरपणाची, सगळी माहिती आमच्याकडून घेतात. द्यायच्या गोष्टी तेवढ्या आमच्यापर्यंत येत नाहीत.

वाटसरू शिनोळी | मंगळवार, रात्री ९.००

हद्दीबद्दल विचारायचं होतं. आम्ही चंदगडच्या बाजूला, बाजारहाट आणि दवाखाना बेळगावला. मूल तिकडे सापडलं आणि घर महाराष्ट्रात असेल तर कोण बघतं? गावातल्या एका प्रकरणात दोन राज्यांची कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवत होती.

टिळकवाडी वकील | मंगळवार, रात्री ९.३५

कलम ९५. मूल हद्दीबाहेरचं आहे हे चौकशीत दिसलं आणि त्याच्या हिताचं असेल तर समिती त्याला घराच्या जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवते. तुमच्याबाबतीत कोल्हापूर. ऊसतोडीला आलेल्या बीडच्या कुटुंबांनाही हेच लागू. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी परत गेली आणि मूल इकडेच राहिलं, असं होऊ नये म्हणून आईबापाने पहिल्याच दिवशी कायमचा पत्ता लेखी द्यावा. मुकादमाचा फोन नंबर पुरत नाही, हंगाम संपला की तो लागत नाही.

ताईंच्या कणगीबद्दलही लिहायचं राहिलं. ९९ च्या परंतुकाचं याहून चांगलं उदाहरण मला कोर्टात मिळालं नसतं. अहवालाचा सारांश हातात पडला असता, तर आज्जीने कणगीचा फोटो आणि पंचायतीचा दाखला दुसऱ्याच दिवशी दिला असता. चूक चौकशी करणाऱ्याकडून होणारच. ती दाखवण्याची एक जागा ठेवा एवढंच मागणं आहे.

नाव_नको | मंगळवार, रात्री ११.५०

नवीन आयडी काढून लिहितोय. मी चौकशीतला बाप आहे. होतो.

तक्रार खोटी होती की कुणाचा गैरसमज, मला आजही माहीत नाही, कारण कशाची तक्रार ते कुणी नीट सांगितलंच नाही. एक साहेब म्हणाले मुलं कामाला लावली, दुसरे म्हणाले दारू पितोस. आम्ही वीटभट्टीवर होतो. पोरगी आईजवळ यायची, कच्च्या विटा पालथ्या करायची, खेळल्यासारखं. ते काम झालं असेल तर तसं सांगा, मी तिला भट्टीवर आणणार नाही, लेकराला ऊन लागतं हे मलाही कळतं. पण दारू मी घेत नाही, माळ घातलीय. ते सांगायचं कुणाला?

भेटायच्या दिवशी पोरीने नवा फ्रॉक घातला होता, संस्थेतला. केस बारीक कापले होते, उवांसाठी. तिची आई घरी येईपर्यंत बोलली नाही.

मुलगी परत मिळाली, आता शाळेत जाते. पण माझ्याकडे "चौकशी संपली, आरोप सिद्ध झाला नाही" असा कागद नाही. गावात अजून म्हणतात, त्याची पोरगी सरकारनं उचलली होती. शाळेत काही झालं, नुसतं गुडघा फुटला तरी बाई माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. घेताना कागद दिला, तसा सोडताना पण द्या.

अथणीकर | बुधवार, सकाळी ७.१५

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. चौकशी संपल्याचा कागद ही मागणी मी कुठे ऐकली नव्हती. ती या धाग्यात पहिली हवी.

निपाणीकर सर | बुधवार, सकाळी ७.५५

माझं अर्धं मत अजून तेच आहे. धोका दिसला की मी उद्याही फोन करेन, आणि इथल्या प्रत्येकाने करावा. फक्त आता शाळेच्या बाजूचंही सांगतो. फोन केल्यावर आम्हालाही कुणी काही कळवत नाही. आरोप खरा ठरला की खोटा, मूल परत आलं तर कुठल्या अटीवर, वर्गात काय लक्ष ठेवायचं, शून्य. म्हणून मग त्या बाई वेगळ्या नजरेने बघतात, दादा. त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार. तुमच्या त्या कागदाची एक प्रत मुख्याध्यापकांना बंद पाकिटात जायला हवी, मुलीचं भलं त्यातच आहे.

कुंदा | बुधवार, सकाळी १०.४०

पैशाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी हिशेबतपासनीस आहे, आकड्यांत बोलते. मिशन वात्सल्यची केंद्राची तरतूद २०२३-२४ ला १,४७२ कोटी होती, २०२५-२६ ला १,५०० कोटी. म्हणजे जागच्या जागी, महागाई धरली तर कमीच. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अठरा वर्षांखालची मुलं ४४ कोटींच्या वर. भागाकार केला तर केंद्राचे वर्षाला मुलामागे पस्तीस रुपयेसुद्धा नाहीत. सगळ्या मुलांना गरज नसते हे मान्य. पण त्यातच संस्था, पगार, प्रायोजकत्व, समित्यांचे भत्ते आणि १०९८, जी २०२३ पासून राज्यांकडे आली.

त्यामुळे मलप्रभाताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. संस्थेत चालू असलेलं मूल म्हणजे चालू खर्च, तो तोडता येत नाही, म्हणून पैसा आधी तिकडे जातो. प्रायोजकत्वात नवं नाव घालणं म्हणजे नवा खर्च, म्हणून यादी थांबते. संस्थांचे पैसे कापून हे सुटणार नाही, मावशींचे दिवसाला १०० आधीच अपुरे आहेत. प्रायोजकत्वाला वेगळी, न वळवता येणारी रक्कम हवी. आणि प्रत्येक चौकशी अहवालात एक रकाना सक्तीचा हवा, की या कुटुंबाला प्रायोजकत्व देऊ केलं का, नसेल तर का नाही. मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमातच तत्त्व म्हणून आहे. मग शेवटच्याच्या आधीचे उपाय केले का, हे लिहून घ्यायला काय हरकत?

मलप्रभाकाठ | बुधवार, दुपारी १२.०५

रकान्याचं फार पटलं. त्याला पैसेही लागत नाहीत. वकीलसाहेब, सारांश मागायचा अर्ज इथे मराठीत लिहून द्याल का? साधा, कुणालाही हाताने उतरवता येईल असा.

टिळकवाडी वकील | बुधवार, दुपारी १.३०

घ्या.

"मा. अध्यक्ष, बाल कल्याण समिती यांस. मी (नाव), समितीपुढे (तारीख) रोजी हजर केलेल्या बालकाची आई/वडील. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९९ मधील परंतुकानुसार सामाजिक चौकशी अहवालाचा सारांश मला समजेल अशा भाषेत द्यावा आणि त्यातील बाबींवर पुरावा देण्याची संधी द्यावी, ही विनंती. समितीच्या आदेशाची प्रतही मिळावी. आमचे कुटुंब प्रायोजकत्वास पात्र असल्यास त्याचाही विचार व्हावा. माझा कायमचा पत्ता व फोन खाली देत आहे."

सही किंवा अंगठा, तारीख, दोन प्रती, एकीवर पोच. चौकशी बंद झाली असेल तर "प्रकरण बंद केल्याच्या आदेशाची प्रत मिळावी" एवढं एक वाक्य पुरे. नाव_नको दादा, हा अर्ज तुम्ही आजही करू शकता.

अनगोळचा पोरगा | बुधवार, दुपारी १.४५

वकीलसाहेबांना या अर्जाची फी म्हणून पाव किलो बेळगावी कुंदा (मिठाई) माझ्याकडून.

अथणीकर | बुधवार, दुपारी २.१०

कन्नड मजकूर मी रात्री टाकतो, कार्यालयातलं कन्नड न वापरता.

येळ्ळूरची लेक | बुधवार, दुपारी ४.२५

सगळं वाचलं. घाईत लिहितेय. माझ्या भावाची मुलं परवापासून संस्थेत आहेत. सोमवारी तारीख आहे, वहिनी एकटी आहे, भाऊ दवाखान्यात. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. काय करावं?

टिळकवाडी वकील | बुधवार, दुपारी ४.३८

ताई, १५१०० ला फोन करा, विधी सेवेचा नंबर आहे. नाहीतर उद्या सकाळी न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वहिनींना घेऊन जा. अर्ज भावाच्या नावाने नको, वहिनींच्या नावाने द्या. १९८७ च्या कायद्यात स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना ती लागू शकते. आधार, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, भावाचे दवाखान्याचे कागद सोबत ठेवा. वर दिलेला अर्ज सोमवारची वाट न बघता शुक्रवारीच देऊन पोच घ्या. मुलांना काही काळ सांभाळू शकेल असं जवळचं कुणी आहे का? तुम्ही स्वतः?

येळ्ळूरची लेक | बुधवार, दुपारी ४.४६

हो, मी आहे. माझं घर आहे, नवरा तयार आहे.

टिळकवाडी वकील | बुधवार, दुपारी ४.५०

मग तसं लेखी द्या. तुमचं आणि नवऱ्याचं नाव, पत्ता, दोघांच्या सह्या, "मुलांची आत्या म्हणून सांभाळ करण्यास तयार आहे." सोमवारी वहिनींबरोबर तुम्ही दोघंही समोर हजर राहा.

अंगणवाडीताई | बुधवार, सायंकाळी ६.३०

येळ्ळूरच्या ताई, तुमच्या गावच्या अंगणवाडी सेविकेला पण सोबत घ्या. पोरांची वजनं, लसीकरण, सगळं तिच्या रजिस्टरात असतंय. रजिस्टरचे फोटो काढून न्या, घर कसं सांभाळलं ते त्यात दिसतंय.